अंगाने मोठे असाल तर घरी योगासनं कशी करावीत: जागा करून घेण्याचं तंत्र

पुढे वाकताना तुम्ही नेमके कशामुळे थांबता, ते एकदा नीट पाहा. मांडीमागचे स्नायू ताणले गेले म्हणून, की पोट मांड्यांना टेकलं आणि पुढे जायला वावच उरला नाही म्हणून? जाड शरीराच्या माणसांना बऱ्याचदा दुसरं कारण अडवतं. उत्तर मात्र बहुतेक ठिकाणी पहिल्या कारणाचं मिळतं: ‘सराव करा, लवचीकता येईल.’ लवचीकता येईलही, पण तेवढ्याने पोट आणि मांडी एकाच जागेत मावणार नाहीत. तिथे जागाच हवी, आणि ती आजच्या आज करून घेता येते.

करायच्या गोष्टी तीनच आहेत. पाय किंवा गुडघे रुंद ठेवायचे. आड येणारं मांस, मग ते पोट असो, छाती असो की मांडी, हाताने खुशाल उचलून बाजूला सारायचं. आणि जमीन दूर असेल तर खुर्ची, ठोकळा, लोड किंवा भिंत वापरून ती आपल्यापर्यंत आणायची. पुढचं सगळं या तीन गोष्टींवरच चालतं.

साधनं वापरणं म्हणजे कमीपणा, हा समज आधी काढून टाका. बी. के. एस. अय्यंगार (1918–2014) यांनी ठोकळे, पट्टे, दोर आणि खुर्च्या पद्धतशीरपणे योगाभ्यासात आणल्या. आज जगभर सडपातळ आणि मुरलेले साधकही त्या रोज वापरतात.

वजनाचा प्रश्न आधीच मिटवू

सावकाश केलेल्या आसनांत झपाझप चालण्यापेक्षा कमी ऊर्जा खर्च होते. म्हणून केवळ आसनांनी काटा झरझर खाली येईल अशी आशा धरू नका, आणि तसं आश्वासन देणाऱ्यांपासून लांब राहा. हे मी कळकळीने सांगते, कारण काटा हलला नाही म्हणून चांगला चाललेला सराव सोडून देणारी माणसं फार आहेत. तोल सुधारणं, जमिनीवरून उठता येणं, पाठ मोकळी होणं, श्वास लांबणं ही फळं वजन तेवढंच राहिलं तरी मिळतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम गतीची हालचाल आणि किमान 2 दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा. संथ आसनांनी यातला पहिला भाग पुरता भरत नाही, तेव्हा चालणं वेगळं चालू ठेवा.

कोणी आधी डॉक्टरांशी बोलावं

रक्तदाब जास्त असेल तर श्वास रोखून धरणं आणि डोकं बराच वेळ खाली ठेवणं टाळायचं. काचबिंदू असेल तर डोकं हृदयाच्या खाली जाईल अशी सगळीच आसनं वर्ज्य माना, कारण तेवढ्या वेळात डोळ्यातला दाब वाढतो. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रिकाम्या पोटी सराव करणं योग्य आहे का, हे विचारून घ्या आणि गोड काहीतरी हाताशी ठेवा. मधुमेहामुळे तळपायांची संवेदना कमी झाली असेल तर सरावानंतर पाय रोज तपासा. खरचटलेलं जाणवत नाही. हर्निया, पोटाची अलीकडची शस्त्रक्रिया, गरोदरपण किंवा झिजलेले गुडघे असतील तरीही आधी विचारा.

सराव करताना छातीत दाब जाणवला, दुखणं हातात किंवा जबड्यात गेलं, गरगरलं किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप लागली, तर तिथेच थांबा आणि वैद्यकीय मदत घ्या.

जागा, खुर्ची आणि कपडे

मोकळी भिंत असलेला कोपरा निवडा. आडवे हात पसरले तर कशाला लागू नयेत, इतकी मोकळीक हवी.

सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे खुर्ची, आणि तिच्या बाबतीत तडजोड नको. चाकं नकोत. हात नसलेली असेल तर उत्तम, कारण हातांच्या मध्ये मांड्या अडकतात. लाकडी किंवा लोखंडी, चारही पाय जमिनीवर घट्ट टेकणारी घ्या. पातळ प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय एका बाजूला भार पडला की फाकतात, म्हणून ती वापरू नका. खुर्चीची पाठ भिंतीला टेकवा आणि खुर्चीच्या पायांखाली मॅट घ्या, म्हणजे ती सरकणार नाही. बसल्यावर तळपाय पूर्ण टेकत नसतील तर पायांखाली ठोकळे ठेवा.

बाजारातली नेहमीची मॅट साधारण 61 सेंटिमीटर रुंद असते. तुमचे खांदे किंवा नितंब तिच्या बाहेर जात असतील तर रुंद मॅट घ्या किंवा दोन मॅट शेजारी शेजारी अंथरा. जाडी 6 मिलिमीटर पुरे. फार जाड आणि मऊ मॅटवर उभं राहिलं की घोटा डगमगतो. गुडघ्यांना मऊपणा हवा असेल तर तेवढ्यापुरती घडी घातलेली चादर घ्या. याशिवाय दोन ठोकळे, एक लांब पट्टा किंवा ओढणी, दोन-तीन जाड चादरी आणि एक भक्कम लोड एवढं लागेल. लोड नसेल तर चादरींची घट्ट गुंडाळी चालते.

वरचा कपडा अंगासरशी बसणारा असावा, नाहीतर वाकताना तो तोंडावर येतो. मांड्या घासत असतील तर गुडघ्यापर्यंतची घट्ट चड्डी घाला. स्तन जड असतील तर चांगला आधार देणारी ब्रा हे सरावाचंच साधन समजा. कमरेची नाडी किंवा इलॅस्टिक मात्र सैल हवं. पोट आवळलेलं असेल तर श्वास खाली उतरत नाही.

पोटभर जेवणानंतर किमान तीन तास जाऊ द्या. आम्लपित्त असणाऱ्यांनी हे जास्त काटेकोरपणे पाळावं.

सुरुवात खुर्चीवरच

खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा आणि पाय नितंबांइतके रुंद ठेवा. पोटाला मांड्यांच्या मध्ये उतरायला जागा द्यायची असेल तर आणखी रुंद. आता एकेका बाजूला किंचित कलून नितंबाचं मांस हाताने मागे आणि बाहेर ओढा. बसायची हाडं थेट आसनाला टेकली की कंबर आपोआप सरळ होते. ही कृती जमिनीवर बसतानाही दर वेळी करायची आहे.

पोट आत ओढून बसायची सवय अनेकांना वर्षानुवर्षं असते. ती इथे सोडा. एक हात पोटावर ठेवा, श्वास घेताना पोट पुढे येऊ द्या, सोडताना मागे जाऊ द्या. दोन-तीन मिनिटं एवढंच. श्वास सोडणं घेण्यापेक्षा थोडं लांब झालं तर उत्तम, पण ओढाताण नको.

मग हात गुडघ्यांवर ठेवून मार्जारासनाची हालचाल: श्वास घेताना छाती पुढे आणि वर, सोडताना पाठ गोल. सहा-सात वेळा. त्यानंतर खांदे आणि घोटे फिरवून घ्या.

पिळाच्या आसनांत पोट हमखास आड येतं. कंबरेतून जोर लावू नका. श्वास घेताना बरगड्या वर उचला आणि श्वास सोडताना छाती व खांदे वळवा. एका हाताने खुर्चीची पाठ धरा. पोट ज्या बाजूला दाबलं जातंय तिथून हाताने थोडं सरकवलं की पीळ लगेच वाढतो.

उभ्याने करायची आसनं

ताडासनात ‘पाय जुळवा’ ही सूचना तुमच्यासाठी नाही. मांड्या भरलेल्या असताना टाचा जुळवल्या की गुडघ्यांवर आडवा ताण येतो. जागच्या जागी आठ-दहा पावलं टाका आणि थांबा. पाय जिथे आपसूक पडले तीच तुमची रुंदी. पोटाच्या भाराने वजन चवड्यांवर जातं, ते जाणीवपूर्वक टाचांवरही आणा. गुडघे मागे रेटून कुलूप लावल्यासारखे ताठ करू नका.

उत्कटासन खुर्चीवरून उठण्या-बसण्यातूनच करा. पाय रुंद, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. धड पुढे झुकवा, श्वास सोडत उठा, आणि बसताना धपकन न बसता हळू टेका. पाचपासून सुरुवात करा. खुर्ची खूप खाली वाटली तर बैठकीवर घडी घातलेल्या चादरी ठेवून उंची वाढवा. मांड्यांना बळ देणारा याच्याइतका उपयोगी प्रकार मला दुसरा दिसत नाही, कारण दिवसभर हेच तर करायचं असतं.

अधोमुख श्वानासन जमिनीवर करण्याची घाई नको. जमिनीवर हात टेकून अंग फळीसारखं धरलं तर शरीराच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भार हातांवर येतो; 90 किलोच्या माणसाच्या बाबतीत जवळजवळ 60 किलो. मनगटं दुखतात ती यामुळे, तुम्ही कमकुवत आहात म्हणून नाही. गुडघे टेकले की हा भार शरीराच्या वजनाच्या साधारण निम्म्यावर येतो आणि भिंतीवर हात टेकले तर त्याहून पुष्कळ कमी. म्हणून कमरेच्या उंचीवर भिंतीला तळवे टेका, पावलं मागे घ्या, पाय रुंद ठेवा, गुडघे किंचित वाकवा आणि नितंब मागे ढकला. डोकं दंडांच्या रेषेत, त्याखाली नाही. पाच श्वास थांबा. बाहेर येताना झटकन सरळ होऊ नका. पावलं पुढे टाकत या, नाहीतर चक्कर येते.

दुसरं वीरभद्रासन खुर्चीच्या मदतीने सुंदर होतं. बैठकीवर आडवे बसा, अशा तऱ्हेने की उजवी मांडी पूर्णपणे खुर्चीवर राहील आणि डावा पाय मागे सरळ पसरता येईल. उजवा गुडघा पाऊलाच्या रेषेत ठेवा, हात आडवे उचला. भार खुर्ची घेते, त्यामुळे मागचा पाय आणि छाती उघडण्याकडे लक्ष देता येतं.

वृक्षासनात वर ठेवलेलं पाऊल भरलेल्या मांडीवरून घसरतं. ते घोट्यापाशीच ठेवा, बोटं जमिनीला टेकलेली राहू द्या, आणि पाठ भिंतीला लावा. तोलाचा सराव एवढ्यातही पुरेपूर होतो.

जमिनीवर जाणं आणि उठणं

घरी एकट्याने सराव करताना खरी भीती इथे असते, आणि याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. खाली गेलो तर वर येता येईल का, या विचाराने माणसं जमिनीवरची आसनं सोडूनच देतात. म्हणून हे स्वतंत्र कौशल्य समजून शिका. पहिल्या वेळी घरात कोणीतरी असू द्या.

खाली जाताना:

1. खुर्ची भिंतीला टेकवून समोर ठेवा, पुढ्यात जाड घडीची चादर अंथरा.
2. दोन्ही तळवे बैठकीवर टेका आणि जास्त दुखरा गुडघा असलेला पाय मागे न्या.
3. हातांवर भार देत तो गुडघा चादरीवर टेका. मग दुसरा गुडघा.
4. एकेक हात जमिनीवर आणा, चार पायांवर या.
5. एका कुशीकडे नितंब टेकून बसा.

वर येताना:

1. पाठीवर असाल तर पाय दुमडून कुशीवर वळा. पोटाच्या जोरावर सरळ उठायचा प्रयत्न करू नका.
2. वरचा तळवा छातीसमोर टेका, दोन्ही हातांनी रेटून बसते व्हा. एक-दोन श्वास थांबा.
3. चार पायांवर या, खुर्चीपर्यंत सरका, तळवे बैठकीवर ठेवा.
4. चांगल्या गुडघ्याचं पाऊल पुढे घ्या. ते मध्ये येत नसेल तर बाहेरून वळसा घालून रुंद ठेवा. गरज पडली तर हाताने धरून पुढे आणा.
5. श्वास सोडत हात आणि पुढचा पाय एकाच वेळी रेटा, उठा आणि वळून खुर्चीवर बसा.

गुडघा टेकणं अजिबात सोसत नसेल तर पलंगावर सराव करा. गादी कडक असली तर बहुतेक आडवी आसनं तिथे होतात.

जमिनीवरची आसनं

सुखासनासाठी लोडाच्या किंवा दुमडलेल्या चादरींच्या कडेवर बसा. गुडघे नितंबांपेक्षा खाली येईपर्यंत उंची वाढवत जा. त्याला मर्यादा नाही. गुडघे अधांतरी राहत असतील तर त्यांच्याखालीही ठोकळे द्या. पाय एकमेकांवर चढवायची गरज नाही, नडग्या समोरासमोर ठेवल्या तरी चालतं.

पश्चिमोत्तानासनात पाय जुळवले की पोटाला जागा राहत नाही. पाय फाकवा, गुडघ्यांखाली गुंडाळी द्या, पोट दोन्ही हातांनी उचलून मांड्यांच्या मध्ये सोडा. तळपायांना पट्टा अडकवा आणि पाठ लांब ठेवून जांघेतून झुका. समोर खुर्ची ठेवून बैठकीवर कपाळ टेकवलं तर हे आसन विश्रांतीचं होतं.

बालासन बऱ्याच जणांना गुदमरवतं. गुडघे मॅटच्या कडांपर्यंत रुंद करा, त्यांच्या मध्ये लोड आडवा न ठेवता लांबीत ठेवा आणि छाती त्यावर सोडा. नितंब टाचांपर्यंत पोचत नाहीत? मधली पोकळी चादरींनी भरा. घोटे दुखत असतील तर त्यांच्याखाली छोटी गुंडाळी. हेही जमत नसेल तर खुर्चीवर बसून टेबलावर हातांची घडी आणि तिच्यावर डोकं.

पवनमुक्तासनात एका वेळी एकच पाय घ्या. गुडघा सरळ छातीकडे ओढला तर पोटावर आदळतो, म्हणून तो बाहेरच्या बाजूने, काखेच्या दिशेने आणा. हात पोचत नसतील तर मांडीमागे पट्टा अडकवून ओढा.

भुजंगासनात पोट आणि छाती जमिनीवर दाबली जाऊन श्वास अडत असेल तर तेच भिंतीशी उभं राहून करा: तळवे छातीच्या उंचीवर, कोपरं मागे, छाती वर. सेतुबंधासनात नितंब फार उचलले की स्तन गळ्याकडे येतात आणि दम कोंडतो. माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडाखाली ठोकळा आडवा ठेवा आणि तेवढ्याच उंचीवर थांबा. छातीभोवती ओढणी बांधल्यानेही फरक पडतो, मात्र श्वास आवळला जाईल इतकी घट्ट नको.

सर्वांगासन, हलासन आणि शीर्षासन घरी एकट्याने करू नका. शरीराचा मोठा भार मानेवर येतो आणि चूक झाली तर ती महाग पडते. त्याऐवजी पाठीवर निजून पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवा. पाय हलके होतात आणि धोका नसतो.

सूर्यनमस्कार करायचा असेल तर

तो अडतो एका ठिकाणी: मागचं पाऊल हातांच्या मध्ये आणताना. पोट आणि मांडी वाट अडवतात. हात दोन ठोकळ्यांवर ठेवले की खालून जागा मिळते. पाऊल सरळ न आणता बाहेरून फिरवून रुंद टाका, आणि दोन पावलांत आणलं तरी चालेल. साष्टांग नमस्काराच्या जागी गुडघे टेकून थांबा. हेही जड वाटत असेल तर संपूर्ण नमस्कार खुर्चीच्या बैठकीवर हात टेकून करा. संख्येच्या मागे लागू नका. श्वास नाकाने चालू राहतोय आणि बोलता येतंय, तोपर्यंतच वेग योग्य आहे.

शवासन आणि प्राणायाम

सपाट पाठीवर निजलं की पोटाचा आणि छातीचा भार श्वासावर येतो. झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असेल तर हे जास्त जाणवतं. लोडाचं एक टोक ठोकळ्यांवर ठेवून उतरता पृष्ठभाग करा, त्यावर कमरेपासून डोक्यापर्यंत टेका, मानेखाली घडी द्या, गुडघ्यांखाली जाड गुंडाळी. दंड शरीरापासून एवढे लांब ठेवा की काखेत हवा खेळेल. कुशीवर निजून केलेलं शवासनही शवासनच असतं. आम्लपित्त वर येत असेल तर डावी कूस निवडा.

प्राणायामात अनुलोम-विलोम आणि भ्रामरी पुरेसे आहेत, कुंभक म्हणजे श्वास रोखणं न करता. कपालभातीचा आग्रह फार धरला जातो. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा गरोदरपण असेल तर ती नकोच.

आठवडा कसा बसवावा

पहिले दोन आठवडे फक्त खुर्ची आणि उभी आसनं, 15 ते 20 मिनिटं, आठवड्यातून चार दिवस. मग त्यात जमिनीवर जाण्या-येण्याचा सराव आणि एक-दोन आडवी आसनं घाला. पुढे वेळ वाढवण्यापेक्षा आधार थोडा कमी करून पाहा: उत्कटासनाच्या चादरींपैकी एक काढा, भिंतीवरचे हात टेबलापर्यंत उतरवा, वृक्षासनात पाठ भिंतीपासून बोटभर दूर घ्या. एका वेळी एकच बदल. दुसऱ्या दिवशी सांधा सुजला किंवा दुखला तर तो आधार परत द्या. स्नायूंचा पसरट ताण चालतो. सांध्यातली टोचणी, चमक किंवा मुंग्या चालत नाहीत.

सराव संपला की पोटाखालच्या, स्तनांखालच्या आणि जांघेतल्या घड्या कोरड्या पुसा. तिथे घाम राहिला की त्वचा लाल होते आणि बुरशीचा संसर्ग होतो. त्या आगीने सराव मध्येच सुटतो.

अंगात त्राण नसेल किंवा वेळच नसेल, त्या दिवशी तीनच गोष्टी करा: खुर्चीवरचा पोटाचा श्वास, भिंतीवरचं श्वानासन आणि पाच वेळा उठणं-बसणं.